पांढरी चार, काळी पाच

मालन गाणं शिकायला गेली ती १९२० साली, दहाव्या वर्षी. पहिल्याच दिवशी बुवांनी तिला सांगितलं की हा आवाज तिचा नव्हे.

"हा बदलायचा आहे," भिकाजीबुवा म्हणाले. "याच्या नादी लागू नकोस. आता वर वर नाचतोय. दोन-चार वर्षांत घोगरा होईल, मग खाली बसेल. बसला की तो आपला. तोवर मी सांगेन तितकंच आणि सांगेन तिथंच गायचं."

शेजारी मालनची आई, गोदूबाई, बसली होती. तिने मान डोलावली. गोदूबाईचं घर देवळाच्या चाकरीतलं. पालखीपुढं गायचं, आरतीला उभं राहायचं. घराला आईचं नाव लागे, बापाचं नाही. मुलीने यातून बाहेर पडावं, बुवांकडे रीतसर शिकून चार लोकांत मानाने गावं, यासाठी ती तिला भाट्याहून तरीत बसवून, खाडी ओलांडून रत्नागिरीत घेऊन आली होती. स्वतः गोदूबाई गात असे, पण ते ऐकून ऐकून आलेलं. बुवांचं शास्त्र होतं. शास्त्र म्हणतं तर आवाज बदलत असेल.

गाणारी माणसं पेटीवरच्या पट्ट्या नंबराने ओळखतात. एका सप्तकात पांढऱ्या सात, काळ्या पाच. आपला सा ज्या पट्टीवर नीट बसतो ती आपली पट्टी. ती चपलेच्या मापासारखी असते. पाय बघून ठरवावी लागते. बुवांची पट्टी पांढरी चार. त्यांनी मालनलाही पांढरी चारच दिली.

त्यांचंही कारण होतं, आणि ते त्यांनी पुढे मालनला एकदा सांगितलं. भिकाजी अकराव्या वर्षी घरातून पळून नाटक कंपनीत गेले. गोरे, नाजूक, गळा गोड, म्हणून नायिकेची कामं मिळाली. चार वर्षं त्यांनी लुगडं नेसून, नथ घालून गावोगावची थिएटरं भरवली. पंधराव्या वर्षी आवाज बदलू लागला. कंपनीच्या मालकाने ऐकलं नाही. हंगाम संपेपर्यंत त्याच उंच पट्टीत गायला लावलं. एके दिवशी ऐन पदात, वरच्या सुरावर, आवाज मधोमध फाटला आणि सबंध थिएटर हसलं. त्यानंतर त्यांनी कंपनीत पडदे ओढले, तिकिटं फाडली, मग रत्नागिरीला परत येऊन भजनी मंडळांना आणि मुलांना शिकवू लागले. लग्न केलं नाही. शिकवलं ते मुलग्यांनाच, आणि त्या सगळ्यांचे आवाज चौदा-पंधराव्या वर्षी बदलले. मालन ही त्यांची पहिली मुलगी.

तेव्हा बुवांनी तिच्यासाठी जे केलं ते जिवापाड केलं. दही बंद, कैरी बंद, आंबट बोरं बंद. वर चढायचं नाही. खालचे सूर पहाटे अर्धा-अर्धा तास धरायचे. खालच्या सा वर मालनचा आवाज जेमतेम लागे, त्याखाली तर नुसता वारा. "येईल," बुवा म्हणत, "बदलला की येईल." तेराव्या वर्षी तिला पडसं झालं आणि आठवडाभर आवाज बसला, तेव्हा बुवांनी आनंदाने शेजारपाजारी गूळ वाटला. पडसं गेलं, आवाज होता तसा परत आला. बुवांचं तोंड उतरलं आणि मालनला स्वतःचीच लाज वाटली.

ती सात वर्षं तिने वाट बघण्यात घालवली. हातातलं काम पुरं होण्याआधी ती दुसरं धरी. एका जागी बसवेना. तरीत बसली की घसा शिवशिवे, काहीतरी वरचं, मोकळं गुणगुणावंसं वाटे. तरवाला म्हणे, "मोठ्यानं म्हण की गो, खाडीला काय कान फुटणार आहेत?" की ती गप्प बसे. जो आवाज उद्या जाणार, त्याच्यावर कशाला जीव लावायचा?

१९२७ च्या मे महिन्यात रत्नप्रभा संगीत मंडळी ही नाटक कंपनी रत्नागिरीला उतरली आणि अडकली. खेळ लांबले, शेवटची बोट गेली, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी बोटी बंद झाल्या. तीस-चाळीस माणसं, पडदे, पेट्या, पायपेटी, सगळं भाड्याच्या एका गोदामात. मालक हरिश्चंद्रराव बसून बसून कंटाळले होते. बुवा मालनला घेऊन त्यांच्याकडे गेले.

मालन पांढरी चारमध्ये तासभर गायली. ताना स्वच्छ होत्या, लय पक्की होती. हरिश्चंद्ररावांनी सगळं डोळे मिटून ऐकलं.

"बुवा, गळा तयार आहे, यात वाद नाही," ते म्हणाले. "पण आवाज विहिरीतून येतोय. बाई कळशी घेऊन आत उतरल्यासारख्या वाटतात."

"आवाज बसायचा आहे अजून," बुवा म्हणाले.

"बसला की कळवा. तोवर सखीचं काम देतो. तबक घेऊन उभं राहायचं, सगळ्यांबरोबर दोन ओळी म्हणायच्या."

मालनला नायिका व्हायचं होतं. पण सखी म्हणून तरी कंपनीत पाऊल पडत होतं. सप्टेंबरात बोटी सुरू झाल्या आणि पहिल्या बोटीने ती आणि गोदूबाई कंपनीबरोबर गेल्या. भगवती बंदरावर, बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात पाय ठेवताना बुवांनी बजावलं, "काही झालं तरी पांढरी चार सोडू नकोस. फाटलेला आवाज परत शिवता येत नाही."

नायिकेचं काम एक पुरुष नटच करत असत. मालन त्यांच्या मागे तबक घेऊन उभी राहायची आणि तीन तास पायांची बोटं हलवत राहायची. कोल्हापूर, मिरज, बेळगाव, हुबळी. प्रत्येक गावात नवं बिऱ्हाड, नवी चूल, तीच पदं. तिला सगळी पाठ होती. पडद्याआड ती ओठ हलवून पदं म्हणे, आणि पदाच्या शेवटी टाळ्या पडल्या की त्या संपायच्या आत ती पुढचं पद धरी.

कंपनीचा पायपेटीवाला सुलेमान मास्तर हा रत्नागिरीचाच, राजिवड्याचा. तरुणपणी बोटीवर आगवाला होता, भट्टीत कोळसा टाकायचा. तिथे यंत्राच्या नादी लागला, आणि मुंबईत उतरल्यावर पेटीच्या. पायपेटी बिघडली की तो ती स्वतः उघडायचा. आतल्या पितळी जिभा दमट हवेने उतरल्या की कानसेने हळूच घासून सुरात आणायचा. कान असा की भांडं पडलं तरी कुठल्या पट्टीत पडलं ते सांगे.

१९२९ मध्ये निपाणीच्या मुक्कामात मालन सकाळी तांदूळ निवडत बसली होती. गोदूबाई चुलीपाशी होती. सुलेमान पलीकडे पायपेटी पुसत होता. मालन स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. त्याने एक पट्टी दाबली, मग दुसरी, मग तिसरी.

"काळी पाच," तो म्हणाला. "गो बाय, इकडं ये. सा धर बघू."

मालनने घसा साफ केला आणि पांढरी चारचा सा धरला.

"तो नाही. आता तांदूळ निवडताना होता तो."

"तो माझा नाही मास्तर. तो बदलायचा आहे."

"बदलायचा? कशात बदलायचा?"

"आधी घोगरा होतो, मग खाली बसतो. बुवा सांगतात."

सुलेमानचे पाय भात्यावर थांबले. "तुझं वय काय गो?"

"एकोणीस."

"मग आता वाट कशाची बघतेस? मिशा फुटायची?"

चुलीपाशी गोदूबाईला हसू आलं आणि मधेच अडकलं. मालन हसली नाही. तिने सूप खाली ठेवलं.

"बायकांचा बदलत नाही?"

"माझ्या आईचा नाही बदलला. बायकोचा नाही बदलला. चार मुली आहेत, त्यातल्या एकीचा नाही बदलला. बदलला असता तर घरात जरा शांतता असती."

मालन आईकडे वळली. "आये, तुझा बदलला होता?"

गोदूबाई निखारे मागे ओढत राहिली. "मला वाटलं, शास्त्रातलं असेल," ती म्हणाली. "माझं कुठं शास्त्रातलं?"

"नऊ वर्षं, आये! नऊ वर्षं मी वाट बघितली!"

त्या दिवशी मालन जेवली नाही. निपाणीच्या बाजारातून एकटीच फिरत राहिली. कुठे जातेय ते तिलाही ठाऊक नव्हतं. राग कुणावर काढावा ते कळेना. बुवांवर काढावा तर त्यांनी गूळ वाटला होता. संध्याकाळी परत येऊन ती सुलेमानला म्हणाली, "शिकवा."

"शिकवायचं काय त्यात? तयार तू आहेसच. फक्त सामान एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायचंय."

अडचण एकच होती. कंपनीची सगळी पदं पांढरी चारवर बांधलेली, कारण नायकाची पट्टीही तीच. तबले त्यालाच मिळवलेले. एका सखीसाठी कोण काय बदलणार? सुलेमानने बोटांनी पट्ट्या मोजून दाखवल्या. पांढरी चारला सा धरला तर मध्यम, म्हणजे चौथा सूर म, येतो तो नेमका काळी पाचवर. तेव्हा काहीच बदलायचं नाही. सगळ्यांचा जो मध्यम, तोच मालनचा सा. तबलासुद्धा फुकट जात नाही, तो तिचा पंचम होतो. "इंजिनाला हात न लावता नुसता पट्टा दुसऱ्या चाकावर चढवायचा," सुलेमान म्हणाला.

गोदूबाईने मात्र कपाळाला हात लावला.

"मध्यमात कोण गातं ठाऊक आहे ना तुला? दिवाणखान्यातल्या बाया गातात, पान चघळत. मी तुला कशातून बाहेर काढलं आणि तू कुठं निघालीस?"

"मग मी गाऊ कुठं, आये? विहिरीत?"

गोदूबाई पुढे आठवडाभर तिच्याशी बोलली नाही. पण रोज सकाळी मालन आणि सुलेमान बसले की ती दार लावून घ्यायची आणि दाराला पाठ लावून उभी राहायची, म्हणजे कंपनीतलं कुणी आत येऊ नये.

आवाज दोन-तीन महिन्यांत मोकळा झाला. मालनला मात्र चैन पडेना. आधी आवाज नाही म्हणून तळमळ होती. आता आवाज आहे आणि हातात तबक आहे, म्हणून. शिवाय प्रत्येक सकाळी आपण बुवांपासून काहीतरी चोरतोय असं वाटे. त्यांना कळवावं म्हणून ती पोस्टकार्ड घेऊन बसे आणि 'सा. न. वि. वि.' च्या पुढे जात नसे.

१९३१ च्या दिवाळीनंतर कंपनी पुन्हा रत्नागिरीला आली. पुण्या-मुंबईकडे बोलपटांचा गाजावाजा सुरू झाला होता, आणि बायकांची कामं बायकांनीच करावीत असं प्रेक्षक उघड म्हणू लागले होते. नायिकेचं काम करणाऱ्या गृहस्थांचं पोट लुगड्यात मावेनासं झालं होतं. हरिश्चंद्ररावांनी विचार केला की मुलगी इथलीच, गाव बघायला येईल.

"चार दिवसांनी खेळ," ते मालनला म्हणाले. "तुमच्या बुवांना बोलावणं धाडलंय. पदं तेच घासून घेतील. जमलं तर नायिका तुम्ही. नाही जमलं तर आहे ते आहे."

तालीम दुपारी ठेवली होती. थिएटरवर पत्रे, आत भट्टी झालेली. कंपनीची वीस-बावीस माणसं खुर्च्यांवर पसरली होती. बुवा स्वच्छ धोतर, काळी टोपी घालून पुढच्या रांगेत येऊन बसले. मालन पाया पडली तेव्हा त्यांनी विचारलं, "पांढरी चार सोडली नाहीस ना?" तिने परत एकदा पायांना हात लावला, आणि बुवांना ते उत्तरासारखं वाटलं.

तिने पहिलं पद पांढरी चारमध्येच घेतलं. बुवा समोर होते. दुसरं काही करण्याची तिची हिंमत झाली नाही. पदाची अस्ताई, म्हणजे पहिली ओळ, झाली. हरिश्चंद्ररावांनी कान खाजवला.

"विहीर," ते म्हणाले. "अजून विहीरच. बाई, पाणी लागत नाही तर वर या आता." मग मागे वळून त्यांनी त्या पोट सुटलेल्या गृहस्थांना हाक मारली. "चला, तुम्हीच उभे राहा. आपलं जुनंच बरं."

मालनने बुवांकडे बघितलं नाही. पायपेटीकडे बघितलं. सुलेमान पट्ट्यांवर हात ठेवून वाट बघत होता.

"मास्तर," ती म्हणाली, "मध्यम."

ती गायला लागली तेव्हा मागच्या रांगेत विडी पेटवणाऱ्याने काडी तशीच धरून ठेवली. बुवांना आधी काय चाललंय ते उमगलं नाही. मग अंतऱ्याला ती वर निघाली आणि ते ताडकन उठले.

"खाली ये! मालन, खाली ये! फाटेल!"

ती थांबली नाही. बुवा बाजूच्या पायऱ्या चढून रंगमंचावर आले. हात पुढे केला होता, तिच्या हनुवटीखाली, वरून काही पडणार आहे आणि ते झेलायचं आहे असा. ती वरच्या सा वर गेली, त्याच्या पुढे गेली, पंचमापर्यंत गेली, तिथे जरा उभी राहिली आणि सावकाश उतरली. काहीही फाटलं नाही.

बुवांचा हात तसाच होता. त्यांचे डोळे भरले होते.

"कधी बदलला?" त्यांनी विचारलं.

"बदलला नाही, बुवा."

"नाही म्हणजे?"

मालनला हे हळू सांगता आलं असतं. ते दोन हातांच्या अंतरावर उभे होते. पण गळा तापलेला होता, छातीत भाता चालू होता, आणि अकरा वर्षं साचलेलं होतं. ती शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बायकांचा बदलत नाही!"

सगळ्यात आधी हरिश्चंद्रराव हसले, मग तबलजी, मग सगळे. बावीस माणसं. वाईट मनाने हसली नाहीत. गोष्टच तशी होती. मालनने बुवांच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि हे हसणं त्यांनी आधी एकदा ऐकलेलं आहे हे तिला आठवलं तोवर ते पायऱ्या उतरत होते. मघाशी उठताना पडलेली टोपी तिथेच राहिली.

ती मागे धावणार होती. एक पाऊल टाकलंही.

"परत एकदा," हरिश्चंद्रराव म्हणाले. "त्याच पट्टीत. सुरुवातीपासून."

मालन थांबली. आणि तिने परत एकदा सुरुवातीपासून म्हटलं.

रत्नागिरीचे तीन खेळ भरून गेले. गोदूबाई टोपी घेऊन बुवांकडे गेली. त्यांनी दार उघडलं, टोपी घेतली, दार लावलं. खेळाला ते आले नाहीत.

पुढची चार वर्षं मालन नायिका होती. कोल्हापूरला तिच्या एका पदाला तीनदा वन्समोअर मिळाला. बेळगावात एका वकिलाने शाल पाठवली. ती नवी पदं मागे, ती बसवली की जुनी होत, मग आणखी मागे. हरिश्चंद्रराव म्हणत, "बाई, जरा श्वास घ्या." प्रत्येक गावातून ती बुवांना पोस्टकार्ड टाकी. आता ती पुरी लिहिता येत. अमुक पद अमुक सुरापर्यंत गेलं, आवाज ठीक आहे, तब्येत जपावी. उत्तर आलं नाही. पडदा वर गेला की ती पहिल्या रांगेत नजर टाकायची आणि स्वतःवर चिडायची. हुबळीला बुवा कशाला येतील?

१९३५ मध्ये एका मुक्कामी थिएटरच्या मालकाने पुढच्या तारखा दिल्या नाहीत. त्याला भिंतीवर पांढरा पडदा लावायचा होता. महिनाभरात कंपनी मोडली. मालन मुंबईला एका स्टुडिओत आवाज दाखवायला गेली. आवाज त्यांना चालला. पण जागेवरून हलू नका, मान वळवू नका, म्हणाले, आणि तिसऱ्यांदा सांगितल्यावर तीच उठून आली. सुलेमान राजिवड्याला परत गेला. त्याच सुमारास गोदूबाई आणि ती बोटीने रत्नागिरीला उतरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालन बुवांच्या दारात उभी राहिली. ते पडवीत बसले होते. वाळले होते, पुढचे दात गेले होते.

"आलीस?"

"आले."

"पोस्टकार्डं मिळाली. अक्षर वाईट आहे."

ती उंबऱ्याशी टेकली. "बुवा, त्या दिवशी मी हळू सांगायला हवं होतं."

"हो," बुवा म्हणाले. "हवं होतं."

मालनच्या पायाचा अंगठा जमिनीवर रेघा मारत राहिला.

"मी काही मुद्दाम नाही केलं," बुवा म्हणाले. "माझ्यावर आली ती वेळ तुझ्यावर येऊ नये, एवढंच बघत होतो. बायका कधी जवळून बघितल्याच नव्हत्या गो मी. लुगडी नेसलेले आम्हीच सगळे."

"मला ठाऊक आहे."

"लोक म्हणतात चांगलं गातेस. त्या कंपनीतलं शेवटचं पद कुठलं होतं?"

तिने नाव सांगितलं. बुवांना ते माहीत नव्हतं; त्यांच्या काळानंतरचं होतं. ते उठले, आतून पेटी ओढत आणली, पुढ्यात घेतली आणि भाता उघडला.

"काळी पाच ना?"

"तुम्ही पांढरी चारच धरा, बुवा. मी मध्यमात म्हणते. काही हलवावं लागत नाही."

"मी विचारलं ते सांग."

"काळी पाच."

"मग तीच धरतो."

ती गायला लागली, जरा संथच. बुवांची बोटं चाळीस वर्षं पांढरी चारच्या वाटेने गेलेली. काळी पाचवरून निघायचं तर अंगठा कुठे टाकायचा, करंगळी कुठे, त्यांना काही कळेना. दुसऱ्याच सुराला हात चुकला. तिसऱ्याला परत चुकला. मालनचा हात आपोआप पेटीकडे गेला.

"काढ तो हात," बुवा म्हणाले. "मला सापडू दे."

तिने हात मांडीखाली दाबून धरला आणि पहिली ओळ पुन्हा सुरू केली.